विमानकक्षाचे दाबनियंत्रण

अतिउंचीवरून उडणाऱ्या विमानातील वैमानिक, सेवकवर्ग व प्रवासी यांना नेहमीप्रमाणे श्वसन करता यावे म्हणून विमानाच्या बंदिस्त कक्षात बाहेरच्या विरळ हवेपेक्षा अधिक दाबाची हवा सतत खेळती ठेवण्याच्या व्यवस्थेस विमानकक्षाचे दाबनियंत्रण म्हणतात. ही व्यवस्था उड्डाणात बिघडली असता वैमानिकांनी करावयाच्या उपाययोजनेचाही अंतर्भाव या विषयात होतो. या उपाययोजनेतील मुख्य अडचण शारीरिक स्वरूपाची आहे. ऑक्सिजन कमी पडू लागला की, मनुष्याची विचारशक्ती व निर्णयशक्ती प्रथम क्षीण होते. धोक्याची जाणीव त्याला उशिरा होते किंवा मुळीच होत नाही. म्हणजे बिघाड निवारण्यासाठी जी बुद्धी लागते, तीच बिघाडामुळे आधी नष्ट होते. या अडचणीवर मात करण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे प्रयत्न होत आले असून त्यांतील बरेचसे धडे अपघातांतून मिळाले आहेत.

उंची, दाब व शरीर : समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरीने १,०१३ मिलिबार असतो. सु. ५·५ किमी. उंचीवर तो निम्मा होतो, तर झोत विमाने जेथून उडतात त्या ११ किमी. उंचीवर तो सु. २२६ मिलिबार म्हणजे समुद्रसपाटीच्या एकचतुर्थांशाहूनही कमी असतो. तेथील तापमान सु. −५६° से. असते. हवेतील ऑक्सिजनाचे शेकडा प्रमाण सर्व उंचींवर जवळजवळ २१ एवढेच असते. परंतु एकूण दाब कमी झाल्याने ऑक्सिजनाचा आंशिक दाब उतरतो व फुप्फुसांतून रक्तात पुरेसा ऑक्सिजन मिसळत नाही. या अवस्थेस ऑक्सिजन-न्यूनता म्हणतात. तिची लक्षणे फसवी असतात. श्वास कोंडल्यावर होते तशी घुसमट येथे होत नाही, कारण उच्छ्‌वासावाटे कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतच असतो. उलट पुष्कळांना उल्हसित वाटते, आत्मविश्वास वाढतो आणि त्याच वेळी साधी बेरीज चुकू लागते, हस्ताक्षर बिघडते, नखे व ओठ निळसर पडतात.

ऑक्सिजन अचानक तुटल्यापासून मनुष्य हेतुपूर्वक कृती करू शकतो तोपर्यंतच्या अवधीस उपयुक्त शुद्धीचा काल म्हणतात. तो ७,६०० मी. उंचीवर सु. ३ ते ५ मिनिटे, १०,७०० मी. उंचीवर ३० ते ६० सेकंद आणि १२,२०० मी. उंचीवर १५ ते २० सेकंद असतो. दाब एकाएकी उतरल्यास फुप्फुसांतील वायूही बाहेर खेचला जातो व हा काल आणखी घटतो. दाब उतरला असता शरीराच्या पोकळ्यांतील वायू प्रसरण पावतो. त्यामुळे कान व कपाळ दुखणे, पोट फुगणे व क्वचित नाका-कानांतून रक्त येणे असे त्रास होतात.

बलूनयुगातील अनुभव : या धोक्याची पहिली ओळख बलूनमधून आकाशात जाणाऱ्या संशोधकांना झाली. ५ सप्टेंबर १८६२ रोजी जेम्स ग्लेशर हे वातावरणवैज्ञानिक व हेन्री कॉक्सवेल हे बलूनचालक इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथून वर गेले. सु. ८,८०० मी. उंचीवर ग्लेशर बेशुद्ध झाले. कॉक्सवेल यांचे हात थंडीने निकामी झाले होते. त्यांनी वायू सोडण्याच्या झडपेची दोरी दातांत धरून ओढली व बलून खाली आणले. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ या बलूनमधून गास्ताँ तिसांद्ये, झोझेफ क्रोसे-स्पिनेली व तेओदोर सिव्हेल हे तिघे फ्रेंच संशोधक ८,००० मीटरांहून अधिक उंचीवर गेले. ऑक्सिजनमिश्रित हवेच्या पिशव्या त्यांच्यासोबत होत्या. मात्र त्या वापरण्याची गरज भासली, तेव्हा हात उचलण्याची शक्ती उरली नव्हती. क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल मरण पावले. तिसांद्ये वाचले, पण त्यांची श्रवणशक्ती बाधित झाली. शुद्ध हरपण्यापूर्वी आपल्याला भय वाटले नाही, उलट एक प्रकारचे समाधान वाटत होते, असे तिसांद्ये यांनी नमूद केले आहे.

फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक पॉल बेर यांनी न्यून दाबाच्या कोठीत प्रयोग करून या विकारांचे मूळ ऑक्सिजनाच्या आंशिक दाबात आहे, असे दाखविले. त्यांचा यावरील ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘झेनिथ’च्या अपघातापासून निघणारा निष्कर्ष सरळ होता : ऑक्सिजन गरज भासल्यावर घ्यावयाचा नसून गरज भासण्यापूर्वीच घ्यावयास हवा. हाच नियम पुढे विमानचालनात रूढ झाला.

दाबयुक्त कक्षाचा उदय : मुखवट्यावाटे ऑक्सिजन घेणे हा एक उपाय होता, दुसरा उपाय म्हणजे मनुष्याभोवती जमिनीलगतचे वातावरणच बंदिस्त करून वर नेणे. २७ मे १९३१ रोजी स्विस भौतिकीविज्ञ ओग्यूस्त पीकार व त्यांचे सहायक पाउल किप्फर यांनी जर्मनीतील आउग्सबर्ग येथून ॲल्युमिनियमाच्या हवाबंद गोलात बसून उड्डाण केले व १५,७८१ मी. उंची गाठली. या उड्डाणाच्या आरंभीच गोलाला पडलेल्या एका छिद्रातून हवा बाहेर जाऊ लागली. पीकार यांनी व्हॅसलीन व तंतू यांचा लगदा करून ते छिद्र बुजविले. हवाबंद कक्षातील दाब टिकविण्यासाठी उड्डाणात केलेल्या दुरुस्तीचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

विमानांच्या बाबतीत अमेरिकेच्या लष्करी हवाई दलासाठी लॉकहीड कंपनीने बनविलेले एक्ससी-३५ हे विमान १९३७ मध्ये उडाले. त्याच्या यशामुळे बोइंग कंपनीचे ३०७ स्ट्रॅटोलायनर हे दाबयुक्त कक्षाचे पहिले प्रवासी विमान तयार झाले. ते ३१ डिसेंबर १९३८ रोजी प्रथम उडाले आणि १९४० मध्ये प्रवासी वाहतुकीत आले. त्यातून ३३ प्रवासी जाऊ शकत. अशी दहाच विमाने बांधली गेली, तरी ढगांच्या व वादळांच्या वरून प्रवास करण्याची सोय त्यांनी सिद्ध केली.

व्यवस्थेची रचना : बहुसंख्य झोत विमानांत एंजिनाच्या संपीडकातून दाबयुक्त उष्ण हवेचा काही भाग काढून घेतात व ती थंड करून कक्षात सोडतात. बोइंग ७८७ या २०११ पासून वाहतुकीत असलेल्या विमानात हे काम विजेवर चालणारे संपीडक करतात. कक्षात हवा सतत येत असते. आतील दाब किती राहावा हे ती बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या उघडझापेवरून ठरते. कक्षातील दाब जितक्या उंचीवरील नैसर्गिक दाबाएवढा असेल, त्या उंचीस कक्ष-उंची म्हणतात. विमान ११ किमी. उंचीवर असताना कक्ष-उंची सर्वसाधारणपणे २,४४० मीटरांपेक्षा अधिक होऊ देत नाहीत. बोइंग ७८७ मध्ये ती सु. १,८३० मी. असते. विमान चढताना व उतरताना कक्ष-उंची सावकाश बदलावी आणि जमिनीला टेकताना ती विमानतळाच्या उंचीएवढी व्हावी, हे काम स्वयंचलित नियंत्रक करतो. त्यात बिघाड झाल्यास वैमानिक कळ फिरवून झडप स्वतः चालवू शकतो. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून वेगळ्या सुरक्षा झडपा असतात.

आतील व बाहेरील दाबांतील फरकामुळे विमानाच्या कवचावर दर चौ. मी. क्षेत्रामागे पाच टनांहून अधिक भार पडतो. प्रत्येक उड्डाणात हा भार एकदा चढतो व एकदा उतरतो. या आवर्ती भाराचे महत्त्व कॉमेट विमानांच्या अपघातांनी जगाच्या लक्षात आणून दिले. द हॅव्हिलंड कंपनीच्या कॉमेट या झोत विमानाने मे १९५२ मध्ये लंडन-जोहॅनिसबर्ग मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू केली. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटानजीक व ८ एप्रिल १९५४ रोजी नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रावर अशी दोन कॉमेट विमाने हवेतच फुटली व त्यांतील अनुक्रमे ३५ व २१ व्यक्ती मृत्यू पावल्या. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने एक कॉमेट विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या कक्षातील दाब वारंवार चढविला व उतरविला. प्रत्यक्ष उड्डाणांतील आवर्तने धरून ३,०५७ आवर्तनांनंतर कवच कक्षाच्या एका गवाक्षाच्या कोपऱ्याशी फाटले. धातूच्या शिणवट्यामुळे हे घडल्याचे निश्चित झाले. त्यानंतर तडा गेला तरी तो मर्यादित क्षेत्रातच थांबावा अशा प्रकारे कवचाची रचना करण्याकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले.

आकस्मिक दाबनाश : कवच, दार वा काच निखळल्यास दाब काही क्षणांत नाहीसा होतो. मोठा आवाज होतो, हवेच्या आकस्मिक प्रसरणाने कक्षात धुके पसरते, धूळ व सुटे सामान उडते आणि थंडी जाणवते. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंझर शहराजवळ एका डीसी-१० विमानाचे मालकक्षाचे दार उडाले. खालच्या कक्षातील दाब एकदम गेल्याने वरची जमीन खचली व तीखालून जाणाऱ्या नियंत्रण तारांना इजा झाली. तरी वैमानिकांनी विमान डिट्रॉइट येथे उतरविले. दाराच्या रचनेतील दोष पुरेसा दूर झाला नाही आणि ३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सच्या तशाच विमानाला पॅरिसजवळील एर्मनाँव्हिल येथे अपघात होऊन ३४६ जण मृत्युमुखी पडले.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या पुढील भागाचे सु. ५·५ मी. लांबीचे छत ७,३०० मी. उंचीवर उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. इतर ९४ जणांसह विमान १३ मिनिटांत काहुलुई येथे उतरविण्यात आले. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची वैमानिकासमोरील काच ५,२७० मी. उंचीवर निखळली व मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सेवकांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले व सर्वजण वाचले. ती काच बसविताना ९० पैकी ८४ बोल्ट योग्य मापापेक्षा किंचित कमी व्यासाचे वापरले गेले होते. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-९ विमानाच्या बाजूचे, दाराची जागा बंद करणारे फलक सु. ४·५ किमी. उंचीवर उडून गेले. ते जागी धरून ठेवणारे चार बोल्ट बसविलेच नव्हते, असे तपासात आढळले. विमानातील सर्व १७७ जण सुखरूप परतले.

उपाययोजना : अशा प्रसंगी करावयाच्या कृतींचा क्रम ठरलेला असून वैमानिकांना तो मुखोद्‌गत असावा लागतो. कक्ष-उंची सु. ३,०५० मीटरांपलीकडे गेली की भोंगा वाजतो. पहिली कृती म्हणजे दोन्ही वैमानिकांनी ऑक्सिजनाचे मुखवटे लावणे. कारणाचा शोध त्यानंतर करावयाचा असतो. अतिउंचीवर वापरावयाचे मुखवटे एका हाताने ५ सेकंदांत चढविता येतील असे बनविलेले असतात. मग वैमानिक परस्परांशी बोलणे होत असल्याची खात्री करतात, नियंत्रकाच्या कळा तपासतात व हवा बाहेर सोडणारी झडप बंद करून पाहतात. दाब आटोक्यात येत नसेल, तर एंजिनांची शक्ती किमान करून व पंखांवरील वेगरोधक उघडून विमान झपाट्याने ३,०५० मी. उंचीवर, किंवा खाली डोंगर असल्यास त्या भागातील किमान सुरक्षित उंचीवर आणले जाते. या अवतरणास साधारणतः चार ते सहा मिनिटे लागतात. जमिनीवरील नियंत्रकांना आणीबाणीची सूचना दिली जाते. कवचाला इजा झाल्याची शंका असल्यास वेग वाढविण्याचे टाळतात.

कक्ष-उंची सु. ४,२७० मी. झाल्यावर प्रवाशांचे मुखवटे आपोआप खाली येतात. पुष्कळ विमानांत त्यांना रासायनिक विक्रियेने ऑक्सिजन पुरविला जातो व तो १२ ते १५ मिनिटे पुरतो. म्हणजे विमान खाली येईपर्यंतची ही सोय असते. प्रवाशाने प्रथम स्वतःचा मुखवटा लावावा व नंतर शेजारच्या मुलास मदत करावी, या सूचनेचे कारण उपयुक्त शुद्धीच्या कालात आहे. मूल काही क्षण बेशुद्ध झाले, तरी शुद्धीवर असलेला प्रौढ त्याला मुखवटा लावू शकतो. प्रौढ बेशुद्ध झाल्यास दोघांनाही मदत मिळत नाही.

संथ दाबनाश : आकस्मिक दाबनाशात आवाज व वारा हेच सूचक ठरतात. दाब हळूहळू उतरल्यास किंवा मुळातच न चढल्यास असे काही घडत नाही व धोका अधिक वाढतो. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेतील ऑरलँडो येथून डॅलसकडे निघालेल्या एका लिअरजेट विमानातील सहाही जण दाब गेल्याने बेशुद्ध झाले. विमान स्वयंचलित नियंत्रणावर सु. चार तास उडत राहिले व इंधन संपल्यावर दक्षिण डकोटा राज्यात कोसळले.

या प्रकारातील सर्वांत सखोल तपास झालेला अपघात म्हणजे हीलिऑस एअरवेजच्या बोइंग ७३७-३०० विमानाचा होय. १४ ऑगस्ट २००५ रोजी ते सायप्रसमधील लार्नाका येथून अथेन्समार्गे प्रागला जाण्यासाठी ९ वाजून ७ मिनिटांनी निघाले. त्यात ११५ प्रवासी व ६ सेवक होते. त्याच पहाटे एका दाराबद्दलच्या तक्रारीवरून जमिनीवर कक्षाची दाबचाचणी घेण्यात आली होती. चाचणीनंतर नियंत्रकाची कळ ‘स्वयंचलित’ऐवजी ‘हस्तचलित’ या स्थितीत राहिली व हवेची झडप अंशतः उघडी राहिली. उड्डाणापूर्वीची तयारी, एंजिने सुरू करण्यापूर्वीची यादी व उड्डाणानंतरची यादी अशा तीन वेळी ही चूक ध्यानात येऊ शकली असती; ती आली नाही.

विमान सु. ३,६६० मी. उंचीवर असताना भोंगा वाजला. या विमानात कक्षदाबाचा भोंगा व जमिनीवर उड्डाणाची जुळणी चुकल्यास वाजणारा भोंगा एकाच आवाजाचा होता. वैमानिकांनी त्याचा दुसरा अर्थ घेतला आणि मुखवटे न लावता ते चढतच राहिले. विरळ हवेमुळे उपकरणांना थंडावा देणारी यंत्रणा अपुरी पडून तिचे दिवे लागले व वैमानिकांचे लक्ष तिकडे वळले. मुख्य वैमानिक कंपनीच्या जमिनीवरील केंद्राशी बोलत होता. दाबनियंत्रकाची कळ ‘स्वयंचलित’वर आहे ना, असे आपण विचारले असता त्याने शीतन यंत्रणेविषयीच प्रतिप्रश्न केला, असे तेथील अभियंत्याने नंतर सांगितले. ९ वाजून २० मिनिटांनी, विमान सु. ८,८०० मी. उंचीवर असताना संभाषण थांबले. विमान १०,३६० मी. उंची गाठून अथेन्सजवळ घिरट्या घालू लागले. ११ वाजून २४ मिनिटांनी ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ विमाने त्याच्याजवळ पोहोचली. मुख्य वैमानिकाची जागा रिकामी होती, सहवैमानिक निश्चेष्ट होता व प्रवाशांच्या कक्षात मुखवटे लोंबत होते. ११ वाजून ४९ मिनिटांनी एक पुरुष सेवक वैमानिककक्षात शिरून मुख्य वैमानिकाच्या जागेवर बसलेला दिसला. परंतु पुढच्याच मिनिटाला इंधनाअभावी डावे एंजिन बंद पडले. १२ वाजून ३ मिनिटांनी विमान ग्रामातिको गावाजवळील टेकड्यांवर कोसळले व सर्व १२१ जण मरण पावले.

ग्रीसच्या तपास मंडळाचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कळेची स्थिती व भोंग्याचा अर्थ न ओळखला जाणे आणि ऑक्सिजन-न्यूनतेने वैमानिक निकामी होणे ही कारणे त्याने दिली. त्याचबरोबर कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेतील उणिवा आणि तत्पूर्वीच्या तशाच घटनांवर पुरेशी कार्यवाही न होणे यांकडेही लक्ष वेधले. एकाच आवाजाला दोन अर्थ राहू नयेत म्हणून ७३७ च्या जुन्या प्रकारांत दोन्ही धोक्यांसाठी वेगळे दिवे बसविणे अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनाने २०११ मध्ये बंधनकारक केले.

भारतातील स्थिती : बंगलोर येथे भारतीय हवाई दलाने १९५७ मध्ये वैमानिकीय वैद्यकाचे विद्यालय सुरू केले, तेच पुढे वैमानिकीय वैद्यकाची राष्ट्रीय पातळीवरील संस्था बनले. न्यून दाबाच्या कोठीतील प्रशिक्षणात वैमानिकाला मुखवटा काढून साधी गणिते सोडविण्यास वा लिहिण्यास सांगतात. लिखाण बिघडत असतानाही ते उत्तम चालले आहे असे त्याला वाटत राहते. मुखवटा लावल्यावर आपलाच कागद पाहून त्याची खात्री पटते व आपल्या शरीरात प्रथम कोणते लक्षण उमटते हे त्याला कळते.

हिमालय व तिबेटचे पठार यांवरील मार्गांवर दाब गेल्यास ३,०५० मीटरांपर्यंत उतरता येत नाही. अशा मार्गांसाठी अधिक काळ पुरणारा ऑक्सिजन व कोणत्या ठिकाणाहून कोणत्या दरीकडे वळावयाचे याचे पूर्वनियोजित सुटकेचे मार्ग ठेवावे लागतात. लेह विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५० मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने तेथे उतरताना कक्ष-उंचीही तेवढी वाढवावी लागते.

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या (उड्डाणे २०१९ मध्ये बंद) बोइंग ७३७ विमानात १६६ प्रवासी होते. विमान चढत असताना कक्षातील दाब टिकला नाही व प्रवाशांचे मुखवटे खाली आले. सु. ३० प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान मुंबईला परत फिरविण्यात आले व कोणीही दगावले नाही. एंजिनांतून कक्षासाठी हवा घेण्याची कळ सुरू करावयाची राहून गेली होती, असे नागरी विमानचालन महासंचालनालयाने सांगितले. हीलिऑसच्या विमानातही एक कळच चुकीच्या स्थितीत राहिली होती. मुंबईचे विमान मात्र फार उंच जाण्यापूर्वीच माघारी वळले. दाबनियंत्रणाची यंत्रे अधिकाधिक स्वयंचलित झाली असली, तरी कळांची यादी प्रत्येक वेळी वाचून तपासणे आणि भोंगा वाजताच, त्याचे कारण कळण्याआधी, मुखवटा लावणे या दोन सवयींची जागा कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही.